40 जणांसाठी भरलेले बटाटे: खोपरा पॅटीस की ओव्हनमधल्या वाट्या?

गौरी_सुदामानगर

नमस्कार. डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी गच्चीवर पडदा लावून सगळ्यांनी मिळून मॅच बघायचं ठरलंय. माणसं 40, त्यात 8 मुलं आणि 5 जण जैन, म्हणजे त्यांना बटाटा चालणार नाही. जेवण बाहेरून येणार आहे. मॅच सुरू असताना एका हातात धरून उभ्याउभ्या खाता येईल असं काहीतरी घरी करायचंय.

दोन पदार्थ डोक्यात आहेत. एक, इथे इंदूरला छप्पन दुकान या खाऊगल्लीत मिळतात तसे खोपरा पॅटीस, म्हणजे खोबऱ्याचं सारण भरून तळलेले बटाट्याचे गोळे. दुसरा, सालासकट बटाटा अर्धा कापून, आतून कोरून, सारण भरून भाजलेल्या वाट्या. अमेरिकेत मॅचच्या आधी स्टेडियमबाहेर गाड्या लावून लोक खातात-पितात, तिथे हा प्रकार असतो. हाताशी 28 लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन), दोन शेगड्या, एक मोठी कढई आणि घरचाच फ्रिज आहे.

बाजारात सध्या नवा बटाटाही आहे आणि जुनाही. कोणता घेऊ आणि किती? पॅटीस तेलात फुटू नयेत म्हणून काय करायचं? आणि आदल्या दिवशी कुठवर करून ठेवता येईल? नेमकी मापं मिळाली तर फार मदत होईल.

खमंग_तळणी

गौरीताई, आधी बटाट्याचं बघा, बाकीचं त्यावरच ठरतं. डिसेंबरातला नवा बटाटा पाणीदार असतो. तो कुस्करला की चिकट गोळा होतो, मग बांधायला पीठ वाढवावं लागतं आणि पॅटीस रबरासारखा लागतो. पॅटीसला जुनाच घ्या.

पण जुन्याचीही एक खोड आहे. शीतगृहात 2 ते 4 अंशांवर राहिलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होत जाते. असा बटाटा तेलात पडला की आत गरम व्हायच्या आधीच बाहेरून काळपट तांबडा होतो आणि चवीला गुळचट लागतो. म्हणून आधी अर्धा किलोच आणा, एकाची पातळ चकती कापून तळून बघा. सोनेरी राहिली तर त्याच ढिगातला बाकीचा माल घ्या. डाग पडून तपकिरी झाली तर दुसरा दुकानदार बघा. वेळ असेल तर तोच बटाटा पोत्यात, अंधारात, घरातल्या हवेवर 2 ते 3 आठवडे ठेवला तरी बरीच साखर उतरते. कच्चा बटाटा फ्रिजमध्ये मात्र अजिबात ठेवू नका, तिथे पुन्हा तेच होतं.

चोइथराम मंडीत किंवा ओळखीच्या दुकानात ‘चिप्सोना’ मागून बघा. कुफ्री चिप्सोना-1 हा वाण 1998 साली चिप्ससाठीच काढलेला आहे. त्यात कोरडा अंश जास्त आणि साखर कमी असते. ज्योतीही चालतो. वाणाचं नाव कळलं नाही तर 11 वाट्या पाण्यात 1 वाटी मीठ विरघळवून त्यात बटाटा सोडा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर पाणीदार. हिरवी झाक असलेला बाजूला काढा, तो कशालाच नको.

आता माप. माणशी 3 धरून 120 पॅटीस. एकाला 30 ग्रॅम पारी आणि 12 ग्रॅम सारण. म्हणजे सोललेला उकडलेला बटाटा 3 किलो 600 ग्रॅम लागेल, त्याला कच्चा 4 किलो घ्या. उकडलेल्या बटाट्याला किलोमागे 70 ग्रॅम आरारोट आणि 10 ग्रॅम मीठ. आरारोट म्हणून दुकानात अनेकदा मक्याचा स्टार्चच मिळतो, त्यानेही काम होतं. 100 ग्रॅमच्या पुढे मात्र जाऊ नका.

बटाटे न कापता, सालासकट, कुकरमध्ये पाण्याच्या वर जाळीच्या भांड्यात वाफवा. पाण्यात बुडवून उकडले तर साल तडकून आत पाणी शिरतं. गरम असतानाच सोला, परातीत पसरून पंख्याखाली 10 मिनिटं ठेवा, वाफ निघून जाऊ द्या. मग कोमट असताना पुरणयंत्रातून काढा. मिक्सर किंवा मॅशरने घोटलं की पेशी फुटून स्टार्च बाहेर येतो आणि डिंक तयार होतो. काढलेला बटाटा पूर्ण गार करून, झाकून, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. गार झाल्यावर स्टार्च आळतो, म्हणून दुसऱ्या दिवशी कमी आरारोटात पारी घट्ट वळली जाते. आरारोट आणि मीठ वळायच्या वेळीच मिसळा, आणि फार मळू नका.

सारण: 4 मोठे नारळ, पाठीचं तपकिरी साल काढून खवलेले, साधारण 1 किलो खोबरं. काजू 100 ग्रॅम बारीक तुकडे, बेदाणे 80 ग्रॅम, कोथिंबीर 100 ग्रॅम, हिरवी मिरची 40 ग्रॅम, आलं 30 ग्रॅम, साखर 3 मोठे चमचे, लिंबं 3, मीठ. खोबरं पसरट कढईत मंद गॅसवर 5 ते 6 मिनिटं फक्त कोरडं करून घ्या, रंग येऊ देऊ नका. बेदाणे चिरूनच घाला. अख्खा बेदाणा तेलात फुगतो आणि पारी फोडतो, वर खाणाऱ्याचं तोंडही भाजतो. मीठ आणि लिंबू भरायच्या अगदी आधी, नाहीतर कोथिंबीर पाणी सोडते आणि सारण ओलं होतं.

फुटण्याची कारणं अशी. सारण ओलं असेल तर त्याची वाफ वाट शोधत बाहेर येते. पारी एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ असेल तर पातळ बाजू उकलते. वळताना राहिलेली बारीक भेग तेलात मोठी होते. तेल थंड असेल तर वरचं कवच धरायच्या आधी बटाटा तेल पिऊन मऊ पडतो. आणि कढईत एकदम 15 पॅटीस टाकले की तेलाचं तापमान कोसळतं, ते सर्वांत जास्त वेळा होतं. पारी सगळीकडे 5 मिलीमीटर ठेवा, तेलाच्या हाताने भेगा बुजवा, कोरड्या आरारोटात घोळवून झटका आणि तळायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. तेल 170 ते 175 अंश. थर्मामीटर नसेल तर पारीचा कण टाका, तळाशी जाऊन 2 ते 3 सेकंदांत वर आला की बरोबर. एका वेळी 8, आणि पहिलं दीड मिनिट झारा लावायचा नाही.

ओटीजी_आणि_मी

वरचं सगळं पटलं. वाट्यांचं सांगतो.

वाट्यांना घट्ट बटाटा हवा म्हणून बरेच जण नवा घेतात. तो घट्ट असतो हे खरं, पण त्याचं साल कच्चं असतं, अंगठ्याने घासलं तरी सुटतं. वाटीला आधार सालाचाच असतो, ते सुटलं तर हातात धरल्यावर वाटी मोडते. अमेरिकेतही हा प्रकार रसेट जातीच्या पिठूळ, जाड सालाच्या बटाट्याचा करतात. तेव्हा वाट्यांनाही जुनाच, लांबट, 80 ते 90 ग्रॅमचा, डोळे कमी असलेला निवडून घ्या. माणशी 2 वाट्या धरल्या तर 80 वाट्या, म्हणजे 40 बटाटे, साडेतीन किलो.

बटाटे ब्रशने घासून धुवा. पूर्ण ओव्हनमध्ये भाजायचे तर 200 अंशांवर 45 ते 50 मिनिटं लागतात, आणि 28 लिटरच्या ओटीजीत एका वेळी 20 बसतील. चव त्याची सर्वांत चांगली, पण दोन घाण्यांना दोन तास जातात. घाई असेल तर खारट पाण्यात मध्यम गॅसवर 15 ते 18 मिनिटं उकडा. सुरी आत जाताना शेवटी थोडीशी अडायला हवी. कुकर इथे नको, सालं फाटतात.

कोमट झाल्यावर उभे कापा. गरम कापले तर कडा चुरतात, पूर्ण गार झाल्यावर कोरायला गेलं तर गर ढेकळांनी निघून तळाला भोक पडतं. चहाच्या चमच्याने कोरा आणि सगळीकडून 5 ते 6 मिलीमीटर जाडी राहू द्या. पातळ कोरलं म्हणजे कुरकुरीत होईल असं वाटतं, पण सारण भरल्यावर ती वाटी 5 मिनिटांत ओली पडते.

आता जी पायरी गाळली की वाट्या बिघडतात ती. भरायच्या आधी रिकाम्या वाट्या भाजायच्या. आतून-बाहेरून तूप किंवा तेल लावा, मीठ-मिरपूड भुरभुरा. 220 अंशांवर पालथ्या 10 मिनिटं, मग उताण्या करून 8 ते 10 मिनिटं. ट्रेऐवजी तारेच्या जाळीवर ठेवल्या तर खालूनही हवा लागते. एका वेळी 20, असे 4 घाणे. हे दुपारीच उरकून वाट्या जाळीवरच उघड्या गार करा. डब्यात झाकून ठेवल्या तर स्वतःच्याच वाफेने मऊ होतील. संध्याकाळी भरून 200 अंशांवर 6 ते 8 मिनिटं पुरेत.

चीज लावणार असाल तर 80 वाट्यांना 400 ग्रॅम. नुसतं मोझरेला घेतलं तर डिसेंबरच्या गच्चीवर दोन-चार मिनिटांत ताठरतं. नुसतं प्रोसेस्ड घेतलं तर ते वितळून पसरत नाही, जिथल्या तिथे मऊ होतं. 250 ग्रॅम मोझरेला आणि 150 ग्रॅम प्रोसेस्ड किसून एकत्र करा.

गौरी_सुदामानगर

खूपच उपयोगी. दोन्ही करायचं नक्की केलं. वाट्यांतून निघालेला गर पॅटीसला वापरला तर चालेल ना? मग कच्चा बटाटा किती कमी घेऊ? वाट्यांत नेमकं काय भरू हे अजून ठरत नाहीये. कुठेकुठे आंबट मलई आणि मांसाचे तुकडे असं वाचलं, आमच्याकडे सगळं शाकाहारी आहे.

मालवी_चव

वाट्यांत भुट्ट्याचा कीस भरा, इंदूरच्या गच्चीवर याहून शोभेल असं दुसरं काय. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात द्रोणात घेऊन खातात तोच, फक्त जरा कोरडा करायचा.

गावठी भुट्टा पावसाळ्यातला. आता स्वीट कॉर्नच मिळेल, आणि तो गोड आणि रसदार असतो, त्यामुळे नेहमीच्या कृतीत दोन बदल करा. दूध नेहमीच्या निम्मंच घ्या आणि थोडं बेसन घाला. 80 वाट्यांना एकीला 15 ग्रॅमप्रमाणे 1 किलो 200 ग्रॅम शिजलेला कीस लागेल. त्याला 10 ते 12 कणसं किसणीच्या मोठ्या भोकांवर किसा. मिक्सरमधून काढू नका, दाण्यांची पेस्ट होते आणि ती कढईला चिकटते.

जाड बुडाच्या कढईत 5 मोठे चमचे तूप, 2 चमचे मोहरी-जिरं, पाव चमचा हिंग, बारीक मिरची 5 ते 6, आलं. त्यावर 3 मोठे चमचे बेसन 2 मिनिटं भाजा, मग कीस. मध्यम गॅसवर 12 ते 15 मिनिटं परता, सतत तळापासून हलवत. दूध 200 मिलीलीटर, तेही दोन हप्त्यांत. गोळा होऊन कढईच्या कडा सुटल्या आणि तूप दिसू लागलं की झालं. पळीभर ताटलीत टाकून बघा. भोवती पाणी सुटत असेल तर अजून परता, कारण तेच पाणी वाटीत उतरणार आहे. मीठ, हळद, लिंबू, कोथिंबीर शेवटी. मुलांच्या वाट्यांसाठी पाव भाग कच्चा कीस आधीच वेगळा काढून मिरचीशिवाय परता.

जीरावन, म्हणजे पोह्यांवर घालतात तो इंदुरी मसाला, ओव्हनमधून काढल्यावरच भुरभुरा. त्यातली मिरची आणि मसाले वरच्या कॉइलखाली करपून कडवट होतात. शेवही अगदी देताना, आणि बारीक नको. जरा जाड लवंग शेव घ्या, ती लवकर मऊ पडत नाही.

आंबट मलईच्या जागी चक्का. 1 लीटर दही रात्रभर टांगा, त्यात मीठ, भाजलेलं जिरं, थोडी मिरपूड. वाटीवर थेंबभरच लावा, बाकीचा बुडवून खायला. हिरवी चटणी घट्ट वाटा आणि लहान द्रोणांत आधीच भरून ठेवा. उभ्याने खाताना पातळ चटणी स्वेटरवर सांडतेच.

खमंग_तळणी

गराबद्दल: हो, वापरा. साडेतीन किलोतून कोरून साधारण 1 किलो 300 ग्रॅम गर निघेल. पॅटीसला 3 किलो 600 ग्रॅम हवाय, म्हणजे वरचा 2 किलो 300 ग्रॅम, त्याला कच्चा 2 किलो 600 ग्रॅम. एकूण खरेदी 6 किलो 100 ग्रॅम होते. निवडताना काही खराब निघतात, 6 किलो 500 ग्रॅम आणा.

दोन अटी मात्र पाळा. वाट्यांचे बटाटे खारट पाण्यात उकडले असतील तर गरात मीठ गेलेलं असतं आणि पाणीही. त्या गराला मीठ निम्मंच धरा आणि तो नुसत्या कढईत मंद गॅसवर 3 ते 4 मिनिटं सुकवून मगच पुरणयंत्राला लावा. ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याचा गर असेल तर सुकवायची गरज नाही, तो वाफवलेल्यापेक्षाही मोकळा असतो. मला विचाराल तर तेवढ्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी ओटीजीचे दोन तास द्यावेत, पॅटीसलाही त्याचा फायदा आहे. दुसरी अट, वाट्यांसाठी शेवटी नवा बटाटा घ्यावा लागलाच तर त्याचा गर पॅटीसमध्ये मिसळू नका. त्याचं सकाळी थालीपीठ लावा.

तळणी दोन टप्प्यांत केली तर गच्चीवरच्या गर्दीत तुम्हाला कढईपाशी उभं राहावं लागणार नाही. दुपारी 165 अंशांवर 8-8 करून 3 मिनिटं, फिकट रंग येईपर्यंत तळा. जाळीवर गार करून फ्रिजमध्ये एकाच थरात ठेवा, ओलं खोबरं आत असल्याने बाहेर तासन्‌तास राहू देऊ नका. देताना फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा आणि 180 अंशांवर 12-12 करून दीड ते दोन मिनिटं. 10 घाणे, 25 मिनिटांत संपतात. थेट फ्रिजमधून तेलात टाकलेला पॅटीस वरून लाल आणि आत गार राहतो. पहिल्या तळणीत एखादा किंचित उकलला तर त्यावर आरारोटाची घट्ट पेस्ट लावून ठेवा, दुसऱ्या तळणीत ती बंद होते. कढईत 2 लीटर तेल लागेल. आरारोटाचे कण तळाशी करपतात, म्हणून पहिल्या तळणीनंतर तेल गाळून घ्या.

ओटीजी_आणि_मी

तळलेले पॅटीस गरम ठेवायला ओटीजी 100 अंशांवर लावून दार बोटभर उघडं ठेवा, 20 मिनिटं छान राहतात. हॉट केसमध्ये टाकून झाकण लावू नका. वाट्या आणि पॅटीस एकाच वेळी देऊ नका, ओटीजी एकच आहे. पहिल्या डावात वाट्या 20-20 करून, मधल्या सुट्टीत पॅटीस असं ठेवा. रात्री उघड्यावर थंडी असते, 80 वाट्या एकदम वर नेल्या तर शेवटच्या 40 गारच खाव्या लागतील.

कच्ची_केळी

जैन पाहुण्यांसाठी पॅटीस कच्च्या केळ्यांचे करा. माणशी 4 धरून 20 पॅटीस, पारीला 600 ग्रॅम गर, त्याला 6 ते 7 केळी. सालासकट, टोकं न कापता, कुकरमध्ये जाळीवर 2 शिट्ट्या. सोलून कोमट असतानाच किसा, गार झालं की केळं कोरडं पडून कण राहतात. बटाट्याहून हा गर कोरडा असल्याने किलोमागे 40 ग्रॅम आरारोट पुरे. वळताना भेगा जास्त पडतात, तळहाताला तेलाऐवजी पाणी लावा. पूर्ण पिकलेली सोडाच, साल पिवळसर झालेलीही घेऊ नका, गोडीने तेलात लगेच काळी पडतात.

सारणात ओलं आलं नको, ते कंद आहे. सुंठ चालते. खोबऱ्याचं सारण आलं घालायच्या आधीच 20 पॅटीसपुरतं, म्हणजे 250 ग्रॅम, वेगळं काढा. तसाच थोडा कीसही आधीच वेगळा काढून, आल्याशिवाय परतून, लहान सिमला मिरच्या अर्ध्या कापून त्यांत भरा. 200 अंशांवर 12 मिनिटं, आधी रिकाम्या भाजायची गरज नाही. जीरावन आणि शेव बाजारची असेल तर पाकिटावर लसूण आहे का ते वाचा. गराडूचा मोसम आहे म्हणून कोणी तो सुचवेल, पण तोही कंदच.

आणि त्यांना आजच फोन करून विचारा की सूर्यास्तानंतर खातात का. बरेच जण खात नाहीत, आणि डिसेंबरात इंदूरला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. तसं असेल तर मॅच केव्हाही सुरू होवो, त्यांचं ताट 5 वाजता तयार हवं. त्यांचे पॅटीस कोऱ्या तेलात, एकाच टप्प्यात 170 अंशांवर 4 मिनिटं तळा. बटाट्याचे पॅटीस तुम्ही दुपारीच तळणार आहात, म्हणून हे तेल, कढई आणि झारा वेगळे काढून ठेवा. 20 पॅटीसला लहान कढईत पाऊण लीटर तेल पुरतं.

गौरी_सुदामानगर

फोन केला. पाचांपैकी तिघं सूर्यास्तानंतर खात नाहीत. त्या पाचही जणांचं 5 वाजता, लहान कढईत, वेगळ्या तेलात. शुक्रवारी बटाटे भाजून, कोरून, गर फ्रिजमध्ये आणि चक्का टांगायला. रिकाम्या वाट्या शनिवारी दुपारी भाजेन. कोरलेल्या वाट्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या तर काळ्या पडतील का?

ओटीजी_आणि_मी

पूर्ण शिजलेल्या असतील तर फारशा नाही. कच्चट राहिलेला भाग राखाडी होतो. आतून तुपाचा हात फिरवा, एकावर एक न रचता ताटात ठेवून वर स्वच्छ कोरडं फडकं टाका. सकाळी ओलसर दिसल्या तर पालथ्या घालायच्या आधी टिश्यूने टिपून घ्या आणि पहिली 10 मिनिटं 12 करा.